शालूबाईंचं दुसरं रक्त

"शालूबाई, तापाचं नाव कळवते असं म्हटलं होतं मी. कळवलं नाही. का, ते ऐका."

एवढं लिहून गोदावरीचं पेन थांबलं.

१९७३ साली विषाणूंवर संशोधन करणाऱ्या पथकाबरोबर ती तासगावजवळच्या एका वाडीत गेली होती. सांधे धरणारा नवाच ताप आला होता. शालूबाईंची चार वर्षांची मुलगी तापानं गेली आणि तिचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं. आता शालूबाईंनाही तसाच ताप होता. रक्त द्यायला त्यांनी हात पुढे केला.

"पोरीला कशानं नेलं तेवढं सांगा. सासू म्हणती, माज्याच हयगयीनं गेली."

गोदावरीनं समजावलं, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त लागेल. दोन्ही वेळचं रक्त ताडून पाहिलं तरच तापाचं नाव कळतं.

तीन आठवड्यांनी गेली, तर ओसरीवर शालूबाईंची जाऊ मनुबाई हात उघडा करून बसलेली. शालूबाईंना म्हैसाळला, माहेरी धाडलं होतं.

"माजं घ्या. नाव तिचं घाला."

"असं चालत नाही हो."

"आवं, एका चुलीवरचं खातो आमी. रगात येगळं कुठनं येणार?"

उद्या म्हैसाळ, असं गोदावरीनं ठरवलं. पण सकाळी पथकाला वरून हुकूम आला आणि जीप साताऱ्याकडे निघाली. तिकडेही ताप होता. मी एसटीनं जाऊन येते, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण तीही जीपमध्ये चढली होती.

शालूबाईंच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली रिकामी बाटली पिशवीतच होती. साताऱ्यात बाटल्या कमी पडल्या, तेव्हा तिनं ती चिठ्ठी खरवडली आणि बाटलीत दुसऱ्या कुणाचं रक्त घेतलं.