तिकडं आहे तरी काय?

गुडघ्यांची झीज झाली आहे, पोहायला लागा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. मोताळ्याकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी लहानपणी पाठीला डबा बांधून पोहायला शिकले होते. उडी मारायची आणि पायऱ्या गाठायच्या, झालं पोहणं.

बुलढाण्याच्या स्विमिंग टँकमध्ये मी समोरची भिंत गाठली आणि दांडी धरून थांबले. शिकवणारी पोरगी ओरडली, "काकू, परत या!" आले. तर म्हणते, "आता परत जा."

"तिकडं हाये तरी काय?"

"काहीच नाही. फक्त जायचं न यायचं."

"मंग काऊन जायचं बाई?"

ती हसली. मी गोंधळून पुन्हा गेले. महिनाभर अशीच कुठंही न पोचता जात राहिले.

एके दिवशी मी खाली बसून भाजी निवडत होते. नवरा म्हणाला, "रोज जाऊन राह्यली, पोचली कुठवर?" रागानं ताट उचललं, ताडकन उठले आणि चार पावलांवर थबकले. उठताना नेहमीसारखा जमिनीला हात टेकायचा राहूनच गेला होता.