भाऊ तांडेलांची विलायती गाडी

माणूस गेला की त्याचे किस्से निघतात आणि तेराव्यापर्यंत त्यांत भर पडत राहते. आमच्या भाऊ तांडेलांच्या गाडीचे किस्से मात्र ती धावत होती तेव्हापासूनच साठत आलेत. मी गावच्या शाळेत मास्तर. भाऊंची इंग्रजी पत्रं लिहायला आणि गाडीत पुढे बसायला कायमचा नेमलेला. त्यामुळे अर्धे किस्से माझ्या डोळ्यांदेखतचे आणि उरलेले माझ्या अंगावर शेकलेले! हसायला माझी हरकत नाही. पण गाडी कशासाठी घेतली ते आधी सांगतो, म्हणजे जरा बेताने हसाल.

भाऊंची बायको दुसऱ्या बाळंतपणात अडली. मालवणचा दवाखाना तीन मैलांवर. वाडीतल्या चौघांनी तिला डोलीत घालून उचललं आणि ती वाटेतच गेली. भाऊ तेव्हा मचवा घेऊन मंगळुराकडे गेलेले. परत आले तेव्हा घरात चार वर्षांची सुमती तेवढी होती. भाऊंनी पुढे बरीच वर्षं समुद्र केला आणि सुमती लग्नाला आली तसा एक दिवस मचवा विकून टाकला.

"मास्तरानू, माका गाडी होयी," ते म्हणाले. "माझ्या वाडयेतला माणूस परत डोलयेत मराक नको."

* * *

बेळगावला एका विलायती कंपनीचा एजंट होता. कंपनीला घरघर लागलेली. अर्धं शोरूम रिकामं आणि अर्ध्यात वापरलेल्या गाड्या. एजंट मात्र सरळ माणूस. म्हणाला, "गाडी झकास आहे. कंपनीचं काय, आज आहे, उद्या नाही."

"कंपनी माका घराक न्हेवची नाय. दोन बादल्ये पाणी हाडा."

जुनी होडी घेताना आमच्याकडे आत पाणी ओतून गळती बघतात. भाऊंनी गाडीतही ओतलं! पाणी फळ्यांच्या फटींतून खाली ठिबकायला लागलं, तसे भाऊ माझ्याकडे बघून मान हलवायला लागले.

एजंट काकुळतीला आला. "अहो तांडेल, पाणी बाहेर जातंय हे चांगलंच ना?"

"जां भायर जाता, तां आत पण येता!"

शेवटी एजंटने डांबर आणवून सगळ्या फटी बुजवून दिल्या, तेव्हाच आम्ही निघालो.

* * *

खाऱ्या हवेने लोखंड खाऊ नये म्हणून भाऊंनी गाडीच्या तळाला मुशी माशाचं तेल चोपडलं. होडीला लावतात, मग गाडीला का नको? पहिलं भाडं मिळालं कट्ट्याच्या एका वकिलांचं. मुलासाठी मुलगी बघायला घरची तीन माणसं घेऊन चालले होते. वाटेत प्रत्येक वाडीचे कुत्रे गाडीमागे लागले ते काही केल्या सुटेनात. मुलीच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात चार माणसं उतरली आणि डझनभर कुत्रे गाडीखाली शिरले.

मुलीचे वडील ओटीवरून शांतपणे म्हणाले, "तुम्ही चौघंच येणार म्हणून कळवलं होतंत!"

लग्न जमलं, हे भाऊंचं नशीब.

* * *

गाडीची पूजा झाली त्या दिवशी देवळाचे मानकरी गावकर, त्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. गाडीला, गाडीवानाला, आत बसणाऱ्याला सुखरूप ठेव, असं सगळं म्हणून झालं. प्रत्येक वाक्याला सगळी वाडी "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. एवढ्यात भाऊंनी गावकरांच्या कानाला लागून सांगितलं, "कंपनीच्या नावान पण घाला. ती बुडाली तर पार्ट खंय गावतले?"

गावकरांनी पुन्हा सूर लावला. "आणि रे म्हाराजा, विलायतेत ज्या कंपनीन ही गाडी केल्यान, तिका कोणी वायट चिंतल्यान आसात, तिच्या वाटेत काय आडवां इला आसात, तर तां दूर कर, आणि तिचो कारखानो चलतो ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तरी मीही वाडीबरोबर ओरडलो, खोटं कशाला बोलू!

* * *

देवाने आमचं ऐकलं नाही. तीन-चार वर्षांत कारखाना बंद पडला आणि त्याच सुमाराला गाडीच्या इंजिनाचा क्रँक मोडला. मी विलायतेला पत्र घातलं. दोन महिन्यांनी जाड कागदावर उत्तर आलं. भाऊ समोर उकिडवे बसले.

"काय म्हणतत?"

"दिलगीर आहोत, म्हणतात."

"दिलगीर? मगे मेलां कोण?"

गाडी भाऊंच्या अंगणात, माडाखाली उभी राहिली ती राहिलीच. भाऊ रोज सकाळी ती पुसत आणि चाकांत हवा भरत. लोक हसत. मीही एकदा हसलो होतो, त्याची आज लाज वाटते.

* * *

ती चालती होती तेव्हाची एक गोष्ट राहिलीच. कसालला लग्न होतं. गाडीत बाशिंग बांधलेला नवरा आणि त्याचा मामा. वाटेत एका बाईला साप चावलेला. भाऊंनी गाडी थांबवून नवऱ्याला खाली उतरायला सांगितलं. मामा भडकला. म्हणाला, मुहूर्त टळेल, लग्न उद्यावर जाईल!

भाऊ म्हणाले, "तुमचां लगीन फाल्या पण होतलां. हिचां मराण फाल्यापर्यंत थांबाचां नाय."

बाई वाचली. नवरा बाशिंगासकट दोन मैल चालला, आणि त्याचा संसार आजही बरा चाललाय.

* * *

आणि हे शेवटचं. सुमती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गाडी बंद पडून वर्ष होत आलेलं, पण भाऊंनी ते तिला कळू दिलं नव्हतं. एका सकाळी ती अडली. सुईण म्हणाली, "भाऊ, मालवणाक न्हेवा, माझ्या हातातलां नाय." एसटी संध्याकाळची. बैलगाडीचे हिसके तिला सोसणारे नव्हते. कोणीतरी डोली काढायला धावलं.

"डोली नको!" भाऊ ओरडले. त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मग गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "इंजिन मेलां. चाकां खंय मेली?"

किनाऱ्यावर रापण लागलेली होती. चाळीस माणसं दोन्ही टोकांनी ते मोठं जाळं ओढत होती आणि जाळ्यात बांगडा उसळत होता. त्यांचा म्होरक्या बाबल. भाऊ त्याच्यापुढे जाऊन एवढंच म्हणाले, "सुमती अडली. दोर आणि माणसां होयी." बाबलने एकदा जाळ्याकडे बघितलं, आणि दोर सोडून दिला. त्याच्यामागे सगळ्यांनी सोडला. बांगडा समुद्रात परत गेला.

सुमतीला मागच्या सीटवर निजवलं. सुईण उशाशी बसली, भाऊ स्टिअरिंगवर. पुढे एक दोर, मागे एक दोर. चढाला पुढच्यांनी ओढायचं, उताराला मागच्यांनी धरायचं. रापण कधी आरोळ्यांवाचून ओढली जात नाही. पण भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं होतं. तीन मैल चाळीस माणसांनी तोंडातून शब्द काढला नाही. मी मागच्या दोरावर होतो. हाताची सालं निघाली. प्रत्येक वळणावर भाऊ हॉर्न तेवढा वाजवत होते.

मध्येच आतून क्षीण आवाज आला. "बाबानू, गाडी चलता मा?"

"चलता गो बाय. तू डोळे मिटून रव."

मुलगा झाला. दोघंही सुखरूप.

त्याला आता शाळेत मीच शिकवतो. परवा त्याच्या वाढदिवसाला भाऊंकडे पंगत होती. बाबल भात वाढत होता, रापणीतले सगळे रांगेत जेवत होते. सुमती सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, "कंपनी बुडाली म्हणतत, पण गाडी काय होती! त्या दिवशी इंजिनाचो आवाजसुद्धा येय नाय होतो."