उसन्या मोर्च्यातल्या गौराक्का

"आज कुणाचा मोर्चा हाय?"

भाजीवालीला आपण मेथी कशी दिली म्हणून विचारतो, तितक्या सहज गौराक्का हे विचारायच्या. शिवाजी पेठेत त्यांची मिरची कांडपाची गिरणी होती आणि वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होते. कोल्हापुरात मोर्च्यांना तोटा नाही. कुणीतरी गिऱ्हाईक सांगायचंच, आज पेन्शनरांचा आहे, आज अंगणवाडीच्या बायकांचा, आज पाण्याचा. मग अक्का यंत्र बंद करायच्या, तिखटाचे हात धुवायच्या, कपाळावरची विभूती नीट करायच्या आणि दारामागचा फलक काखेत मारून दसरा चौकाकडे चालू लागायच्या. मोर्चा कुणाचाही असो, अक्का त्याच्या शेपटाला असायच्या.

फलकावर लिहिलं होतं, 'तीन झाडांसाठी माणूस आत. जामीन द्या.' ते मी लिहून दिलं होतं. शाळेतलं कुणी माझं अक्षर ओळखेल या भीतीनं डाव्या हातानं लिहिलं होतं. मी खासगी शाळेत कच्च्या नोकरीवर मास्तरीण होते, आणि मुळात माझा स्वभावच असा, की दारात पोस्टमन आला तरी मी आधी खिडकीआडून बघायची.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. कागलच्या पुढं कर्नाटकच्या सीमेकडे अक्कांचं थोडं शेत होतं. यजमान बसाप्पा तिथंच राहून ते बघायचे. मठावर येणाऱ्या गोसाव्यांसाठी त्यांनी गोठ्यामागं गांजाची तीन झाडं लावली होती. बांधावरून भांडण असलेल्या कुणीतरी खबर दिली. पोलीस आले, झाडं उपटली आणि झाडांबरोबर बसाप्पांनाही घेऊन गेले. त्या वेळी या कायद्यात जामीन मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. ट्रकभर माल असो की गोठ्यामागची तीन झाडं, खटला संपेपर्यंत माणूस आतच. आणि बसाप्पांना दमा होता. हिवाळ्यात त्यांचा श्वास गल्लीत ऐकू जायचा म्हणे.

"खटला निकाली निघंस्तवर माणूस टिकंल का वो बाई?" एवढं एकच अक्का मला विचारायच्या.

वकिलांनी सोपा मार्ग सुचवला होता. झाडं आपोआप उगवली, आम्हाला माहीत नव्हतं, असं सांगा. मी तेव्हा सोबत होते. अक्कांनी वकिलांकडे असं बघितलं, की मलाच खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. "तीनी झाडं एका वळीत आपोआप उगावली म्हनू व्हय? गळ्यात लिंग हाय माझ्या. लावली हुती, गोसाव्यास्नी देत हुतं, आन् मालक सवता वडतबी हुतं. गुन्हा हाय तर शिक्षा द्या की. पर शिक्षा झाल्याबिगर आत सडवायचं, ह्यो कसला न्याय?" वकील चष्मा पुसत बसले. परतीच्या रिक्षात मी म्हटलं, अक्का, थोडं खोटं बोललं असतं तर? त्या म्हणाल्या, "खोटं बोलून आनला तर घरात कुनाला आनला म्हनायचं?" मला ते तेव्हा मुळीच पटलं नव्हतं. दम्याचा माणूस आत आणि हिला खरेपणाचं पडलंय, म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसत होते.

स्वतःचा मोर्चा काढायची त्यांची हिंमत नव्हती असं नाही, माणसं नव्हती. "गांजा म्हटलं की लोक दार लावून घेत्यात. म्हनून दुसऱ्याचा मोर्चा उसना घ्यायचा," असं त्यांचं सरळ गणित. पण उसनं घेतलं की फेडायच्याही. ज्याचा मोर्चा त्याची घोषणा आधी, आपली मागाहून. आवाज असा खणखणीत, की पुढं पुढं पेन्शनरांचे पुढारीच निरोप धाडायला लागले, उद्या अक्कांना पाठवा.

एकदा शिक्षकांच्या मोर्च्यात मी होते आणि मागून अक्का आल्या. आमच्यातल्या एकानं हटकलं, "ओ मावशी, ह्यो शिक्षकांचा मोर्चा हाय. तुमचं काय हितं?"

"तुमी ज्या सायबाकडं चाललायसा, त्याच सायबाकडं माझं काम हाय. वाटंनं सोबत हुईल की!"

लोक हसले आणि अक्का राहिल्या. त्यांनी आता मला हाक मारली तर काय, या विचारानं मी पुढच्या रांगेत सरकले. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमची नोकरी कच्ची न्हवं, म्हनून वळख दावली न्हाय." मला भरून आलं. स्वतःच्या एवढ्या घोरात ही बाई माझी नोकरी सांभाळत होती.

दुसरा उन्हाळा लागला. बसाप्पांना मध्येच दवाखान्यात हलवलं होतं, पुन्हा आत नेलं. तेव्हा मात्र अक्कांनी स्वतःचा मोर्चा काढायचं ठरवलं. परवानगीला पोलीस ठाण्यात गेल्या. "विषय काय?" हवालदारानं विचारलं. "गांजा," अक्का म्हणाल्या. तो इतका हसला की चहा सांडला. अक्का तो पुसेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "आता लिवा."

मोर्च्याला चार-दोन पेन्शनर आले, अंगणवाडीच्या काही बायका आल्या, आणि जेलच्या दारात ओळख झालेल्या तिघी-चौघी डोक्यावरून पदर ओढून आल्या. मीही गेले. म्हणजे हातात भाजीची पिशवी घेऊन फुटपाथनं, बाजारला निघाल्यासारखी. तेवढ्यात पेठेतली पंधरा-वीस टवाळ पोरं आली आणि ओरडायला लागली, "गांजा मोकळा करा! बम बम!" बघे जमले. अंगणवाडीच्या बायका कावऱ्याबावऱ्या झाल्या, एकजण निघालीच. वर्तमानपत्राचा फोटोवाला पुढं सरसावला. झालं, मोर्च्याचा तमाशा झाला, असं म्हणून मी डोळे मिटून घेतले.

अक्का त्या पोरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आलायसा न्हवं? मग चला. पर हसायचं न्हाय. माझा दाल्ला आत हाय आन् त्याला श्वास पुरंना. हसायचं आसंल तर घरला जावा."

काही पोरं घरी गेली. उरलेल्यांनी माना खाली घातल्या आणि मागं चालू लागली. मग अक्कांनी आवाज दिला, "चोराला जामीन, गुंडाला जामीन, तीन झाडांचाच गुन्हा संगीन?" बघ्यांमधल्या एका म्हाताऱ्यानं, "खरं हाय की," असं मोठ्यानं म्हटलं. कलेक्टर कचेरीपर्यंत पोचेतो मी फुटपाथवरून कधी खाली उतरले, मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली नाव होतं, बसाप्पांचंही. तो कागद जेलात पोचला आणि पुढच्या भेटीला बसाप्पा जाळीपलीकडून म्हणाले, "माझी आब्रू तू रस्त्यावर मांडलीस. म्या चोर न्हवतो, तू मला गांजेकस केलंस." पाठ फिरवून गेले. त्यानंतर ते भेटीला यायचेच बंद झाले. अक्का दर खेपेला चटणी-भाकरीची पिशवी घेऊन जायच्या, शिपाई पिशवी आत न्यायचा आणि अक्का परत यायच्या.

"आले का भेटायला?" मी विचारायची.

"न्हाय आलं. पिशवी घेतली पर. म्हंजे जित्तं हायत."

त्यांनी मोर्चे थांबवले असते तर बसाप्पा भेटले असते, असं मी एकदा भीत भीत बोलले. अक्का मिरच्यांचे देठ खुडत होत्या. "मला नवरा भेटायला नगं," त्या म्हणाल्या, "भाईर यायला पायजे. रागानं का हुईना." त्या दिवसापासून मला दोन काळज्या लागल्या. माणूस जिवंत बाहेर येईल का ही एक, आणि आला तर हिच्याशी बोलेल का ही दुसरी.

पुढं दिल्लीत कायदा बदलला. थोडक्या मालाच्या खटल्यांत जामिनाची वाट मोकळी झाली. अक्कांच्या मोर्च्यानं बदलला असं मी म्हणणार नाही. दिल्लीला शिवाजी पेठ कुठली ठाऊक! पण बसाप्पा सुटले, हे खरं. रिक्षातून उतरले तेव्हा अर्धे राहिले होते. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण समोर ठेवलं की जेवायचे, पण अक्कांशी शब्द नाही. आणि मोर्चा कुणाचा, हे अक्कांनी विचारणं सोडून दिलं. खाली इतकी शांतता असायची, की मला पाय आपटायचीही धास्ती वाटायची.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. बसाप्पा त्यांच्या आधीच गेले. दोघांची आठवण निघाली, की मला त्या शांततेच्या दिवसांतली एकच दुपार दिसते. अक्का बाजारला गेल्या होत्या. मी जिन्यात बसून पेपर तपासत होते. कडेवर मूल घेतलेली एक बाई दारात आली. पेठ वडगावहून आले म्हणाली. "मोर्चावाल्या अक्का हितंच ऱ्हात्यात का?"

बसाप्पा उठून दाराशी आले. माझ्या हातातला पेन तिथंच थांबला. त्यांनी नुसतं 'न्हाय' म्हटलं असतं तर ती बाई निघून गेली असती आणि अक्कांना कधी कळलंही नसतं.

"कोन आत हाय?" त्यांनी विचारलं.

"भाऊ," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नगंस. बस हितं." त्यांना धाप लागली होती, दाराची चौकट धरून ते बोलत होते. "माझी बायको बाजारला गेलीया. तिला समदं सांग. माझ्यापायी लई हिंडलीया ती, माझ्या शिव्या खाऊन. तुझ्यापायीबी हिंडंल."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अक्का दिसल्या. बसाप्पांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, सुटून आल्यापासून पहिल्यांदाच, आणि गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आगं, बिगीबिगी ये. तुझ्याकडं मानसं आल्यात."

अक्का जागच्या जागी थांबल्या. त्या बाईकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "आले की," म्हणाल्या, पण इतक्या हळू, की मला ते नुसतं त्यांच्या ओठांवरून कळलं.