ओंटॅरिओचा अकरावा महिना

विमान खाली येऊ लागलं आणि डोंगर दिसले. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी, सुरकुतलेला दगड. आम्हा चिपळूणकरांना डोंगर म्हटला की हिरवा, निदान अंगावर थोडं गवत असलेला. इथे कुणीतरी सगळं खरवडून नेल्यासारखं वाटलं. मग विमान वळलं, एका बाजूला समुद्र आला, आणि डोंगर नि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत पांढरी, बुटकी घरं. मस्कत.

घरी सांगून निघालो होतो की ताईकडे आठ दिवस फिरायला चाललोय. ते खोटं नव्हतं. पण भावोजींनी तिकीट काढून बोलावलं होतं ते सल्ल्यासाठी. तेलाचे भाव पडल्याचा तो हिवाळा. त्यांच्या कंपनीत माणसं कमी होत होती. बावीस वर्षं एसीच्या देखभालीचं काम केलेला माणूस. आता हातात असलेल्या पैशातून कॅनडात दुसरं घर घेऊन भाड्याने द्यायचं त्यांच्या मनात होतं. पहिलं घर ओंटॅरिओ प्रांतातल्या एका छोट्या गावात होतं. ओमान सोडून तिकडे गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने ते मिळवून दिलं होतं, आणि कागदपत्रं मी सांभाळत होतो. चिपळुणात भाडेकरार करून देणं हाच माझा धंदा. मेलचा पासवर्ड माझ्याकडे. पत्र मी लिहायचं, खाली नाव भावोजींचं.

आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. त्या घरात एक बाई आणि तिची मुलगी राहत होती. करार मी आपल्याकडच्या साच्यातला केला, अकरा महिन्यांचा. दहा महिने होत आले तेव्हा त्या सहकाऱ्याने जास्त भाडं देणारं कुटुंब आणलं. मी बाईला लिहिलं : मुदत संपते, घर रिकामं करा. तिने विचारलं, मुलगी पहिलीत आहे, जूनमध्ये शाळा संपेपर्यंत राहू का? मी लिहिलं, करार म्हणजे करार. ती जाण्याच्या तीन आठवडे आधी माझ्या वाचनात आलं की ओंटॅरिओत मुदत संपली म्हणून भाडेकरूला जावं लागत नाही. करार आपोआप महिन्यामहिन्याने पुढे चालतो. मी वाचलं होतं ते दुसऱ्याच प्रांताचं, अल्बर्टाचं. एक देश, एक कायदा असणार, असं धरून चाललो होतो. चूक तिथपर्यंत चूक होती. पुढचे तीन आठवडे मी गप्प बसलो, ती चूक नव्हती. भर थंडीत ती गेली.

भावोजी विमानतळावर न्यायला आले होते. केस पार पांढरे झालेले. "अरुण, वजन वाढलंय रे तुझं," एवढंच बोलून त्यांनी बॅग उचलली. रुवी म्हणजे मस्कतमधली आपली वस्ती. पाट्या वाचत गेलो तर पैसे घरी पाठवण्याची दुकानं, शिंपी, दाक्षिणात्य खानावळी. भाजीवाल्याकडे चक्क अळूची पानं. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, एकोणीस वर्षं भाड्याने.

दुसऱ्या दिवशी चहाला खालच्या मजल्यावरचे काझीभाय आले. मूळचे दापोलीकडचे, मसाल्याचे व्यापारी. भावोजींनी जेवणाच्या टेबलावर कॅनडाचा नकाशा पसरला होता आणि क्वेबेकवर मिठाची बाटली ठेवली होती.

"बर्फ किती पडतंय ते तरी बघितलात काय?" काझीभायांनी विचारलं.

"फोटोत बघितलंय."

"फोटोत मी पण हिरो दिसतंय."

मी माहिती सांगू लागलो. प्रांत म्हणजे आपल्याकडची राज्यं, पण घरभाड्याचे नियम ज्याचे त्याचे. अल्बर्टात मुदत संपली की करार संपला, आणि भाडं किती वाढवावं याला मर्यादा नाही. क्वेबेकमध्ये अनामत घ्यायलाच बंदी, आणि भाडेकरूला राहायचं असेल तर तो राहतो. तिथले बहुतेक करार एकाच दिवशी संपतात, त्यामुळे जुलैच्या पहिल्या तारखेला अख्खं शहर घरं बदलत असतं.

"एकाच दिवशी?" काझीभाय कप खाली ठेवत म्हणाले, "टेम्पोवाला काय भाव घेत असंल!"

भावोजी पोट धरून हसले. ताई चिवडा घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, "आमची ओंटॅरिओची बाई किती चांगली होती. जाताना घर लख्ख पुसून दिलंन, एक शब्द बोलली नाही. अरुणने इतकं छान सांभाळलं!" मी चिवड्यातले दाणे वेचत राहिलो.

संध्याकाळी घरमालक सालेम आले, करार पुढे न्यायला. पांढरा दिशदाशा (ओमानी पुरुषांचा पायघोळ झगा), डोक्यावर नक्षीची टोपी. रुवीत वाढलेले, हिंदी फर्डी. धनादेश त्यांनी न बघताच खिशात घातले आणि अर्धा तास बाथरूममधल्या गळणाऱ्या नळासमोर उकिडवे बसले. मग मला म्हणाले, "तुम किराये का काम करता है? कल मेरे गाँव चलो. उधर पानी भी किराये पे मिलता है."

शुक्रवारी त्यांच्या गाडीमागोमाग आम्ही निझव्याच्या रस्त्याला लागलो. दीड तास दगड, आणि मग एकदम खजुरांचं दाट रान. त्याच्या मधून फलज (डोंगराच्या पोटातून गावापर्यंत आणलेला पाण्याचा पाट) वाहत होता, हातभर रुंद, काचेसारखा स्वच्छ. या पाण्यावर सगळ्या गावाचा वाटा, आणि तो मोजायचा वेळेत. मोकळ्या जागेत एक खांब उभा होता, त्याची सावली जमिनीवर मांडलेल्या दगडांवरून सरकते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत एक अथर, म्हणजे सुमारे अर्धा तास. तेवढा वेळ पाणी तुमच्या बागेत. मग कापडात गुंडाळलेला दगड काढून पाटाचं तोंड बदलायचं. कुणी आपला वाटा विकतो, कुणी भाड्याने देतो.

मी विचारलं, "आणि कुणी थोडं जास्त घेतलं तर?"

"लेता है ना. सब थोड़ा-थोड़ा लेता है," सालेम म्हणाले. "फिर झगड़ा. फिर कॉफी."

"आणि समोरच्याला कळलंच नाही, तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तो जिसने लिया, वो बोलेगा. नहीं तो वो कॉफी कैसे पिएगा?"

तेवढ्यात काठावर काढून ठेवलेली माझी एक चप्पल पाण्यात पडून निघाली. मी अनवाणी मागे, पुढे पाट, पाय चटके खातायत, आणि ताई ओरडतेय, "अरु, पडशील!" कपडे धूत बसलेल्या एका म्हातारीने ती खराट्याने अडवली आणि मला अरबीत दोन वाक्यं सुनावली. सालेमना त्यांचा अर्थ विचारला, तर त्यांनी सांगितला नाही. मग त्यांच्या बैठकीत खजूर, ओमानी हलवा आणि कहावा (वेलची घातलेली कडू कॉफी). कप पुरे झाला की हलवायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. सहा कप प्यायलो.

परतताना पेट्रोल पंपावरच्या टपरीवर थांबलो. तिथे पराठ्यात बटाट्याच्या चिप्सचा चुरा आणि चीज घालून देतात. ऐकायला विचित्र, खायला झकास. गाडीतच खात होतो. भावोजी म्हणाले, "अरुण, उद्या कळवायचंय. तू म्हणशील तो प्रांत. तुझ्या भरवशावर चाललंय सगळं."

"भावोजी, माझ्यावर नका टाकू," मी म्हणालो. मग थांबता येईना. करार, तिचं पत्र, माझं उत्तर, ते तीन आठवडे, सगळं सांगितलं. समोरच्या काचेकडे बघून सांगितलं.

मग ताई मागच्या सीटवरून म्हणाली, "पहिलीतली पोर होती ना रे?"

"हो."

"आणि मी लोकांना सांगत सुटलेय, लख्ख पुसून गेली म्हणून."

भावोजींनी पराठा कागदात परत गुंडाळला. "पत्रावर सही कुणाची होती?"

"तुमची."

"म्हणजे तिच्या लेखी मी काढलं तिला." आवाज चढला नाही. "तू मला त्या तीन आठवड्यांत एक फोन केला असतास, तर मी राहू दिलं असतं तिला. तुला हे माहीत होतं. म्हणूनच नाही केलास."

हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. मी मान हलवली.

"पासवर्ड लिहून दे," ते म्हणाले. चिप्सच्या रिकाम्या पाकिटावर लिहून दिला. अल्बर्टा की क्वेबेक, हा विषय नंतर माझ्यासमोर निघाला नाही.

उरलेले दिवस त्यांनी मला सगळं दाखवलं. मत्रहचा बाजार, कुरुमचा समुद्रकिनारा. पाहुण्याला दाखवतात तसं, नीट, वेळेवर. ताईने हलव्याचे डबे बांधून दिले. प्रत्येकावर कुणाकुणाला द्यायचं ते लिहिलेलं. विमानतळावर भावोजींनी हात मिळवला. एरवी पाठीवर थाप मारायचे.

कबूल केलं की मन हलकं होतं, असं मी ऐकत आलो होतो. माझं झालं नाही. एवढंच झालं की त्या बाईचा विचार करताना आता मला विषय बदलावा लागत नाही.

घरी आल्यावर दीड महिन्याने भावोजींकडून एक मेल आला, स्वतःचा एक शब्दही न घालता पुढे धाडलेला. त्यांनी खटपट करून तिचा पत्ता मिळवला होता आणि सगळं खरं लिहून कळवलं होतं. आपल्या नावाने, माझं नाव कुठेही न घेता. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. दुसऱ्या गावी असते, मुलगी नव्या शाळेत रुळली, परत यायचा विचार नाही. शेवटची ओळ अशी : "कळवलंत ते बरं केलंत. इतके दिवस मी आठवत होते, माझ्याकडून तुमच्या घराचं काय बिघडलं होतं."