मला म्हणू द्या

"कोणाला?" असं विचारताना साहेब चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्याकडे अशा आस्थेने पाहत, की उत्तर त्यांना खरंच ठाऊक नसावं.

गुजरातेत, वाघोडियाच्या औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ होते. तिथे 'मला कंटाळा आला' म्हणण्याची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कोणाला आला?" आमचा एक गुजराती सहकारी वैतागून म्हणायचा, "साहेब, मने ज आव्यो. बीजा कोने आवे?" साहेब हसत. "तो 'मने' म्हणणारा कोण, ते जरा बघ. मग कंटाळा राहतो का सांग." बघायला कोणी जात नसे. हसण्यात कंटाळा जायचा, हे मात्र खरं.

त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती. रोज पहाटे ते खुर्चीत बसत आणि 'मी कोण' या एका प्रश्नाचं बोट धरून आत जात. शरीर मी नाही, मनात येतं-जातं तेही मी नाही; हे सगळं ज्याला कळतं, तिथे टेकायचं. एवढीच साधना. टिळा नाही, माळ नाही. वहिनी म्हणायच्या, "हे स्वतःला शोधतात आणि मी ह्यांचा चष्मा शोधते."

कारखान्याला नवे मालक आले, प्रयोगशाळेत परदेशी यंत्रं आली, त्याच वर्षी वहिनींना कॅन्सर निघाला. आधीच खूप पसरलेला. साहेबांनी रजा टाकली आणि सयाजीगंजातल्या एका इस्पितळात मुक्काम केला.

एका दुपारी मी डबा घेऊन गेलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. साहेब त्यांचे पाय चेपत होते.

"अहो, मला भीती वाटते," वहिनी म्हणाल्या.

"कोणाला?"

सवयीने गेलं ते तोंडातून. कठोरपणा त्यात नव्हता. ज्याने आपल्याला तारलं तेच हिच्या हाती द्यावं, असंही त्यांना वाटलं असेल.

वहिनींनी मान वळवली. "मला," त्या म्हणाल्या. "मला वाटते. किती दिवस उरलेत माझे? आता तरी मला 'मला' म्हणू द्या."

साहेबांचे हात थांबले. डबा कुठे ठेवावा ते न कळून मी तसाच उभा राहिलो. मग ते उठून उशाशी गेले, वहिनींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "म्हण. मी ऐकतो."

वहिनी बोलत राहिल्या. दुखण्याची भीती, श्वास कोंडेल याची, पुण्याची मुलगी वेळेवर पोचेल का याची. साहेब एकदाही मध्ये बोलले नाहीत. मुलगी वेळेवर पोचली. त्याच आठवड्यात वहिनी गेल्या.

भेटायला आलेले एक सत्संगी गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला आम्ही काय सांगायचं? आत्म्याला मरण नाही."

"नाही," साहेब म्हणाले. "पण ती गेली." आणि सगळ्यांदेखत रडले. त्यांच्यासारख्या माणसाने रडावं, हे काही जणांना आवडलं नाही.

कामावर परतल्यावर तो प्रश्न त्यांच्या तोंडून कधी ऐकू आला नाही. आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एकदा त्या गुजराती सहकाऱ्याने मुद्दाम म्हणून पाहिलं, "साहेब, मने कंटाळो आव्यो." साहेब म्हणाले, "बेस. चा पीए," आणि दोन चहा मागवले.

कंपनीच्या बसमध्ये एकदा मी विचारलं, "पहाटेचं बसणं सोडलंत का?"

"सोडून कुठे जाऊ?" ते म्हणाले. "पूर्वी वाटायचं, तिथे पोचलं की दुःख उरत नाही. आता बसतो तेव्हा दुःखही येऊन बसतं. मी त्याला ऊठ म्हणत नाही. ते ज्यात येतं, ती जागा हलत नाही, एवढं दिसतं. तिची भीती मी घालवायला निघालो होतो. भीतीला नुसती जागा द्यायची होती." मग हळूच म्हणाले, "हे तिला सांगायचं राहिलं."

पुढे ते निवृत्त झाले. नंतर मालकांनी आमची प्रयोगशाळाच बंद केली आणि मी घरी बसलो. कळल्यावर साहेब एका दुपारी आले. धीर दिला नाही, ओळखीपाळखी सांगितल्या नाहीत. आमच्याबरोबर वरणभात जेवले, आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.

त्यानंतर मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. ते तिकडेच वारले. मला फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

ते आमच्याकडे जेवून झोपले होते, त्या दुपारी बायकोने त्यांच्या अंगावर चादर घातली. "नोकरीचं काय करायचं ते त्यांना विचारणार होतात ना?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"उठले की विचारतो," मी म्हणालो. ते चांगले दोन तास झोपले. त्यांना जाग येऊ नये म्हणून आम्ही दोघं कुजबुजत होतो, आणि कितीतरी दिवसांनी घरात एकमेकांशी नीट बोलत होतो.