न रडता गेलेलं लेकरू

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता सोडा. पण त्या प्रकरणावरून माझ्या गोपनीय अहवालात एक शेरा पडला आणि तो मी अजून मान्य केलेला नाही. काय घडलं ते सांगतो. ठरवायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत अधिकारी झालो. कोणाची चिठ्ठी घेऊन आलो नव्हतो. त्या वेळी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. गोसीखुर्द धरणात बुडालेल्या एका गावाची पुनर्वसन वसाहत आमच्या हद्दीत होती. वसाहतीच्या मधोमध एका संस्थेनं केंद्र चालवायला घेतलं होतं. एका खोलीत बायकांना शिवणकाम शिकवत, शेजारच्या खोलीत त्यांची लहान लेकरं सांभाळत आणि मोठ्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी तरुणांकडून दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, तालीम करून घेत. सगळे त्याला सेंटर म्हणत.

दिवाळीनंतरचे मंडईचे दिवस होते. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात, दंडारी आणि नाटकं होतात. निम्मा स्टाफ बंदोबस्ताला गेला होता. अशा दिवशी दुपारी एक तरुण बाई धावत ठाण्यात आली. शिवणकामाची टेप तिच्या गळ्यात तशीच होती.

"साहेब, माहं लेकरू नेलं कोणीतरी!"

तिच्यामागून तिचे वडील आणि वसाहतीतले दहा-वीस लोक आले. वडिलांचा राग चोरावर कमी आणि सेंटरवर जास्त होता. "मी म्हणलोच होतो, परक्याच्या भरवशावर पोरगं नको ठेवू. साहेब, पहिले त्या सेंटरले कुलूप लावा!"

मुलगा तीन वर्षांचा. बाप मोटरसायकलच्या अपघातात गेलेला. नवरा गेल्यावर ही मुलाला घेऊन माहेरी राहायला आली होती आणि सेंटरमध्ये शिवण शिकत होती. ती मशीनवर असताना मुलगा शेजारच्या खोलीत असायचा. त्या दिवशी तिनं मध्येच डोकावलं, तर तो नव्हता.

लहान मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. मी फिर्याद घेतली, बिनतारी संदेश दिला, बसस्टँडवर माणसं पाठवली. तोवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली होती. फाट्यावर मणी विकणाऱ्या एका बाईला लोकांनी घेरलं आणि तिची टोपली उधळली. जमादार वेळेवर पोहोचला म्हणून ती वाचली. अफवेला आरोपी लगेच सापडतो, पोलिसाला वेळ लागतो.

मुलं सांभाळणाऱ्या मदतनीस बाईला मी ठाण्यात बोलावलं. तीही त्याच बुडालेल्या गावची. "मी भात उतरवून राहिली होती," ती म्हणाली. "वळून पाह्यलं तं लेकरू नाही." मी टेबलावर हात आपटला. असा ओरडलो की बाहेरचा पहारेकरी आत आला. त्यानं इतकंच झालं की बाईनं ओठ घट्ट मिटले.

मग फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. त्यानं आधी सौदा केला: "माहं नाव येऊ देऊ नका जी." मी कबूल केलं.

"एक बुढी लेकराले कडेवर घेऊन लाखांदूरच्या गाडीत बसली."

"लेकरू रडत होतं का?"

"नाही जी. तिच्या पदरातले मुरमुरे खाऊन राह्यलं होतं. तिच्या कानातलं ओढे अन् हासे."

तीन वर्षांचं मूल परक्या माणसाच्या कडेवर हसत नाही. शिवाय मुरमुरे घरून बांधून आणलेले होते, म्हणजे बाई तयारीनं आली होती. मुलाला ती ओळखीची होती. ही ओळख सेंटरमध्ये झाली असेल, तर मदतनिसाला ती माहीत असणारच.

माझी आई आंधळगावच्या बाजारात शिंगाडे विकायची. मी तिच्या शेजारी बसून वाढलो. समोरचा तोंड उघडेपर्यंत आपला भाव सांगायचा नाही, हे मी तिथे शिकलो. पोलीस प्रशिक्षणात याहून कामाचं काही शिकवलं नाही. मी महिला शिपायाला शेजारी बसवलं, चहा मागवला आणि मदतनिसाला एवढंच सांगितलं, "फाट्यावर एका मणीवालीला लोक मारणार होते. थोडक्यात वाचली." मग गप्प बसलो.

चहा निवला.

"मणीवालीचा काय दोष जी?" ती शेवटी म्हणाली.

"तेच मी विचारतो. दोष कोणाचा?"

ती रडायला लागली. "मोठीमाय होय जी ते. पोराची आजी होय."

आजी म्हणजे मुलाच्या आईची सासू. जुन्या गावात सासर आणि माहेर एकाच गल्लीत होतं, पाणी एकाच विहिरीचं. धरण आलं तेव्हा माहेरच्यांनी वसाहतीत प्लॉट घेतला आणि सासरचे लाखांदूरकडे शेती घेऊन गेले. पुढे सासूचा मुलगा अपघातात गेला. तेराव्याच्या दिवशी सासू सगळ्यांसमोर सुनेला पांढऱ्या पायाची म्हणाली. सून त्याच दिवशी लेकरू उचलून निघाली. त्यानंतर म्हातारी दोनदा वसाहतीत आली आणि दोन्ही वेळा दारातून परत गेली.

"मंग तिले समजलं, पोरगं दिवसा सेंटरात रायते," मदतनीस सांगत होती. "दर बाजाराच्या दिवशी येऊन बसे. त्याले खाऊ घाले, निघून जाये. माय भिंतीच्या पलीकडे मशीनवर राहे, तिले पत्ता नाही. आज म्हणे, आमच्या गावची मंडई आहे, दाखवून आणतो, परतीच्या गाडीनं आणून देतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तं मोठीमाय पुन्हा कधी आली असती काय?"

आम्ही गाडी काढली. म्हातारी तिच्या अंगणातच होती. मंडईच्या गर्दीत परतीची गाडी चुकली, मग पोलीस शोधत असल्याची खबर पोहोचली आणि तिची हिंमत गेली. मुलगा तिच्या मांडीवर पिपाणी वाजवत बसला होता. "मीच आणून देणार होती," ती म्हणाली आणि कोणी न सांगताच जीपमध्ये जाऊन बसली.

ठाण्यात मुलगा आईला बिलगला. आई सासूवर तुटून पडली. "मले पांढऱ्या पायाची म्हणता अन् माह्या लेकराले चोरून नेता? काहून आणलं होतं तुम्ही मले त्या घरात?"

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. लोक भडकलेले आहेत, आरोपी बाईला अटक दाखवा, मदतनिसाला सहआरोपी करा, उद्या पत्रकार बोलावतो. मी म्हणालो, "साहेब, सूर्यास्त झाला. आता बाईला अटक करायची तर मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल." कायदा त्यांनाही माहीत होता. मला सकाळपर्यंत वेळ मिळाला.

घटनास्थळाचा पंचनामा बाकी होताच. सकाळी मी तो सेंटरमध्ये ठेवला, दंडारीच्या तालमीतले दोन म्हातारे पंच म्हणून घेतले आणि सासू-सुनेचे जबाबही तिथेच घ्यायचं ठरवलं. बाहेर मुलाचे आजोबा कुलूप हातात घेऊन उभे होते. त्यांच्या मुलीनं ते पाहिलं. "बाबा, सेंटर बंद केलं तं मी कुठं शिकू? जन्मभर तुमच्या चुलीजवळ बसू काय?" आजोबांनी कुलूप खिशात घातलं.

मग मी बाजार मांडला. सासूला विचारलं, काय पाहिजे? "नातू घरी येऊ द्या." सुनेला विचारलं. "तिची सावली नको." एवढ्या अंतरावरून सौदा सुरू झाला की अनाडी माणूस उठून जातो. मी बसलो. "घरी नाही," मी सासूला म्हणालो. "इथे. बाजाराच्या दिवशी. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत."

सुनेनं सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "येऊ दे. पण जे सगळ्यांसमोर बोलली, ते सगळ्यांसमोर वापस घ्यावं."

ही अट ऐकून मला वाटलं, सौदा मोडला. मुलगा गमावलेल्या आईकडून हे बोलणं काढणं माझ्या हातात नव्हतं. मशीनवरच्या बायका उठून दारात उभ्या होत्या. म्हातारी भिंतीला हात धरून उठली.

"माहा पोरगा गाडी जोरात चालवे," ती म्हणाली. "मी कितीदा बोलली त्याले. ऐके नाही. तो त्याच्यानंच गेला. हिच्या पायानं नाही गेला."

सून उठून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. तोच तिचा होकार.

मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर केलं आणि आईच्या ताब्यात ठेवलं. आईनं जबाबात लिहून दिलं की सासूविरुद्ध तक्रार चालवायची नाही. मी गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवली आणि न्यायालयानं ती मंजूर केली. मदतनिसाला संस्थेनं ताकीद देऊन कामावर ठेवलं. मुलाची आई मात्र कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही आणि त्यात मी पडलो नाही.

पत्रकार परिषद झाली नाही, म्हणून वरिष्ठ चिडले. माझ्या अहवालात लिहिलं गेलं: आरोपीबाबत अनुचित सौम्यता दाखवली. मी अपील केलं. ते फेटाळलं गेलं. माझ्या मागून आलेल्यांना बढती मिळाली आणि मी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. ज्याला सौम्यता म्हटलं गेलं, त्यासाठी मी त्या हॉलमध्ये घाम गाळला होता. अटक करणं सोपं होतं. म्हातारीला अटक झाली असती तर वसाहतीनं सेंटर बंद पाडलं असतं, आई घरी बसली असती आणि ते पोर आजीला पोलिसांच्या जीपमधली बाई म्हणून ओळखत वाढलं असतं.

पुढे अशी प्रकरणं आली की मी हाताखालच्या माणसांना सांगायचो: लेकरू कोणी नेलं हे शोधाच, ते आपलं काम आहे. पण सापडल्यावर फाईल बांधण्याआधी आणखी एक विचारा. ज्या माणसाला पाहून लेकरू हसतं, त्याला ते चोरून का न्यावं लागलं?