पल्जोरच्या बैठकीतलं धुराडं

मुतुप माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. तरी तो मला 'अचो-ले' म्हणायचा, म्हणजे दादा, 'ले' आदराचं, आणि मी त्याला नुसतं मुतुप. तो गरा होता. आमच्या लडाखात गरा म्हणजे लोहार, आणि लोहाराला कुणी दादा म्हणत नाही. मी शेतकऱ्याच्या घरचा, हात बरा म्हणून सुतारकी करणारा. त्यानं मला आदरानं बोलवावं आणि मी त्याला तू-तू करावं, यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

ओढ्यापलीकडे, गावाच्या खालच्या टोकाला त्याचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. बायको कुन्झेस भाता ओढायची, मुतुप ऐरणीवर असायचा. विळे, कुदळी, घोड्याचे नाल सगळं करायचा, पण त्याचं खरं काम बुखाऱ्यांचं, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या पत्र्याच्या शेगड्यांचं. फौजेनं टाकलेली तेलाची पिंपं आणून तो पत्रा कापायचा, ठोकून सरळ करायचा, आणि त्यातून अशी बुखारी उभी करायचा की दार लावलं की 'टक्' असा एकच आवाज. खडखड नाही, फटीतून धूर नाही. आमच्या गावात तेवीस घरं. त्यातल्या एकोणीस घरांत मुतुपची बुखारी होती.

बुखारी बसवायला आला की तो स्वतःची वाटी अंगरख्यात घेऊन यायचा. घरधनीण वरून चहा ओतायची, वाटीला किटली लागू द्यायची नाही. काम झालं की तो जाळ पेटवून बघायचा, दोन्ही हात शेकायचा आणि उठायचा. जेवायला बसवलंच तर दाराशी, सगळ्यांच्या खाली, गालिचा संपतो त्याच्या पुढे.

आमच्या गावचा पल्जोर फौजेतून सुभेदार होऊन परत आला तेव्हा त्यानं घरावर नवी बैठक चढवायला घेतली. माघात मुलाचं लग्न होतं. लेहहून अधिकारी येणार, वधूकडचे मोठे लोक येणार, त्यांना जुन्या धुरकट स्वयंपाकघरात कसं बसवायचं? भिंती उभ्या राहिल्या, सफेद्याच्या झाडांचे वासे चढले, आणि शरदात त्यानं मला आणि मुतुपला एकाच दिवशी बोलावलं.

"बैठक अशी झाली पाहिजे," पल्जोर म्हणाला, "की आत पाऊल टाकणारा माणूस आधी गप्प झाला पाहिजे."

मुतुपनं खिशातून देवदाराची सुकी डहाळी काढली. पेटवून विझवली आणि तिचा धूर घेऊन खोलीभर फिरला. दाराशी थांबला, खिडकीशी थांबला, खांबाजवळ खाली बसला. धूर कुठे वळतो ते बघत होता. पल्जोर माझ्याकडे बघून हसला. "पूजा चाललीय का रे याची?"

मुतुप ऐकूनही न ऐकल्यासारखं करून म्हणाला, "अबी-ले कुठे बसणार?"

अबी म्हणजे आजी. पल्जोरची आई यांगदोल, तिला सगळं गाव अबी म्हणायचं. ब्याऐंशीची होती. गुडघे कामातून गेले होते.

"खिडकीजवळ. का?"

"म्हणजे पाठीला ऊन आणि पुढ्यात शेक पाहिजे." त्यानं कोळसा घेऊन जमिनीवर चौकोन काढला, खांबापासून चार हात, खिडकीपासून पाच हात. "बुखारी इथे. तिच्याभोवती तीन बाजूंनी बसायच्या गाद्या. धुराडं इथून सरळ वर, छपरातून बाहेर. मधे एकही वळण नाही."

पल्जोरचं तोंड उतरलं. समोरच्या भिंतीवर मी त्याच्यासाठी कोरीव फडताळ करणार होतो. त्यात घराण्याची तांब्या-पितळेची भांडी लागणार होती, मधोमध गुरूंची तसबीर. "हा काळा नळा बरोबर तसबिरीच्या पुढे येतोय. आमच्या मेसमध्ये बुखारी होती, तिचं धुराडं दिसायचंसुद्धा नाही. भिंतीतून नेलं होतं."

"तिथे साफ करायला माणूस असेल रोजचा. आडवं धुराडं काजळीनं भरतं, सुभेदार-ले. आपल्याकडचं लाकूड ओलं. वाळुंजाची फांदी जाळली की डांबर धरतं आतून."

"तू लोखंडाचं बघ. दिसण्याचं मी बघतो."

"लोखंडाचंच सांगतोय."

त्या दिवशी मुतुप अडून बसला. सरळ धुराडं नको असेल तर दुसऱ्याकडून करून घ्या म्हणाला. पल्जोरला मुतुपचीच बुखारी हवी होती, म्हणून त्यानं मान हलवली. मग आम्ही सगळी खोली त्या कोळशाच्या चौकोनावरून बेतली. कोरीव चौरंग बुखारीच्या आचेपासून किती लांब ठेवायचे ते मुतुपनं सांगितलं, नाहीतर रंग फुगून येतो. फडताळाच्या लाकडाला आच लागू नये म्हणून मी ते एक हात मागे घेतलं.

बुखारी करायला त्याला दोन महिने लागले. पत्रा पिंपाचाच होता, पण त्यावर तांब्याचं कमळ, दारावर पितळेची मंगलगाठ, कडांना बारीक वेल. कुन्झेसनं राखेनं घासून घासून असं पितळ लखलखवलं होतं की आम्ही चौघांनी ती पल्जोरच्या जिन्यावरून वर नेली तेव्हा बायका कामं टाकून बघायला आल्या.

लोसारला, आमच्या नव्या वर्षाला, बैठकीत पहिला जाळ झाला. गावातल्या प्रत्येक घरचा पुरुष आला होता. मानाप्रमाणे रांग लागली, वर लामा, मग गोबा म्हणजे गावचा मुखिया, मग बाकीचे. मुतुप दाराशी उकिडवा बसला होता. दार उघडलं की गार वारा आधी त्याच्या पाठीत शिरायचा.

अबी यांगदोल खिडकीजवळून ओरडली, "अरे मुतुप, तिथे काय कुडकुडतोस? इकडे ये शेकायला. तूच तर केलीयस ना ही?"

पल्जोरनं आईकडे बघितलं, मग मुतुपकडे.

"बरा आहे मी इथे, अबी-ले," मुतुप म्हणाला. "इथून नीट दिसते बुखारी."

म्हातारीनं नाक मुरडलं. "गाढवं आहात सगळी," असं पुटपुटली आणि आपल्या मांडीवरच्या मांजराला खाजवत बसली.

लग्नाला बारा दिवस उरले तेव्हा पल्जोरनं मला एकट्याला बोलावलं. धुराडं तसबिरीच्या आड येतंय, फोटोत सगळा काळा नळाच येणार. ते छातीच्या उंचीवर कापायचं, आडवं वळवून फडताळाच्या मागच्या पोकळीतून न्यायचं आणि उत्तरेच्या भिंतीतून बाहेर काढायचं.

"मुतुपला विचारायला हवं," मी म्हणालो.

"घर माझं आहे. गऱ्याला विचारून मी भिंती रंगवू का उद्या?"

"आडवं धुराडं..."

"ग्याल्सन, तुला जमत नसेल तर सांग. लेहहून आणतो माणूस."

मी कापलं. फडताळाच्या मागे दहा हात आडवं नेलं, वरून फळ्या ठोकल्या, रंग दिला. तसबिरीपुढे आता नळा दिसेना. पल्जोरनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरंही वाटलं. काम चोख झालं होतं.

लग्न थाटात झालं. आठवडाभर बुखारी धडधडत होती, ओली वाळुंज गाडीभर जळली. लेहचे पाहुणे बैठक बघून खरंच गप्प झाले. वारा येऊ नये म्हणून पल्जोरनं खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं, ते लग्नानंतरही तसंच राहिलं. मुतुप लग्नात खाली अंगणातच जेवला. वर गेलाच नाही.

लग्नानंतर दहाव्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. दुपारी जेवण झाल्यावर अबी बुखारीजवळ कलंडली. नव्या सुनेनं तिला पांघरूण घातलं, दोन ओली लाकडं आत सारली, ती पुरावीत म्हणून बुखारीची हवेची झडप अर्धी मिटली आणि दार ओढून खाली गेली. गाईची धार काढायच्या वेळेला ती चहा घेऊन वर आली. खोलीत धुराचा कोंदट वास, अबी झोपलेलीच. गाल लाल, एखाद्या पोरीसारखे. हाक मारली, हलवलं. मग सुनेचं लक्ष मांजराकडे गेलं. अबीच्या पायाशी ते चारी पाय ताणून कडक पडलं होतं.

तिची किंकाळी आमच्या घरापर्यंत आली. मी धावत गेलो तेव्हा पल्जोर खिडकीचं प्लॅस्टिक नखांनी फाडत होता.

मला त्याच क्षणी कळलं. फडताळाशी जाऊन फळीला हात लावला, तर ती गार होती. आत जाळ धुमसतोय आणि धुराड्याची आडवी बाजू गार, म्हणजे आत काजळीनं तोंड बंद झालं होतं. धूर बाहेर जायचाच बंद झाला होता, आणि बंद खोलीत त्याचा विषारी वायू साठला होता. मी हात मागे घेतला.

अंधार पडायच्या आत सगळं गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, पत्राच खराब असेल. दुसरा म्हणाला, फौजेच्या पिंपात काय काय असतं कुणाला माहीत. एक म्हातारा म्हणाला, गऱ्याच्या हातची वस्तू एवढ्या वरच्या जागी ठेवायलाच नको होती. पल्जोर आईच्या उशाशी बसला होता. त्यानं मान वर केली.

"मुतुपच्या बुखारीनं माझी आई मारली," तो म्हणाला.

मुतुप जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. बर्फानं पांढरा झालेला. आत आला, अबीकडे बघितलं, हात जोडले. मग त्याची नजर बुखारीवर गेली, तिथून धुराड्यावर, जिथे ते कापून वळवलं होतं तिथे. बराच वेळ तो त्या सांध्याकडे बघत राहिला.

"हे कुणी वळवलं?"

कुणी बोललं नाही.

"सुभेदार-ले, मी सरळ बसवलं होतं. गावानं बघितलंय लोसारला. कुणी वळवलं?"

"तूच बसवलीस ती," पल्जोर ओरडला. "आणि आता माझ्या आईच्या प्रेताशेजारी उभा राहून हिशेब मागतोस? नीघ!"

लोसारला खोलीत गावातले सगळे पुरुष होते. धुराडं सरळ असलेलं प्रत्येकानं पाहिलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे पल्जोर होता, त्याची जमीन माझ्या जमिनीच्या वर, पाटाचं पाणी त्याच्याकडून माझ्याकडे येतं. आणि माझे हात होते, ज्यांनी ते कापलं होतं. मी खाली बघत राहिलो.

मुतुप वळला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी पल्जोरच्या माणसांनी बुखारी उचलून ओढ्यापलीकडे नेली आणि मुतुपच्या दारात टाकली. मग एकेका घरातून दुसऱ्या यायला लागल्या. कुणी भीतीनं टाकली, कुणी पल्जोरला दिसावं म्हणून. दहा दिवसांत अकरा बुखाऱ्या त्याच्या अंगणात बर्फात उभ्या होत्या. तेवढ्या थंडीत लोक शेणी पेटवून जुन्या चुलीपाशी खोकत बसले. माझ्या घरची मी टाकली नाही, पण पेटवलीही नाही.

वाट मोकळी झाल्यावर मुतुप आणि कुन्झेस ऐरण गाढवावर लादून लेहला निघून गेले.

चार वर्षांनी मी दात काढायला लेहला गेलो होतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्रा ठोकल्याचा आवाज आला आणि मी तो ओळखला. मुतुप ट्रंका करत होता. नुसत्या ट्रंका, एकावर एक रचलेल्या. वाळला होता, बोलताना छातीत घरघर होती. मला बघून त्यानं हातोडी खाली ठेवली.

"बस," म्हणाला.

कुन्झेसनं चहा दिला आणि पाठ फिरवून बसली. मी चहा हातात धरून म्हणालो, "मुतुप, ते धुराडं मी..."

"माहीत आहे. तुझ्या करवतीचा काप मला ओळखता येत नाही होय? डाव्या हातानं कापतोस तू, कड उजवीकडे उतरते. त्याच दिवशी कळलं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला तू म्हटलं होतं.

"मग बोलला का नाहीस? माझं नाव घ्यायचंस."

"घेतलं असतं तर काय झालं असतं? गऱ्यानं आपलं पाप शेतकऱ्यावर ढकललं, असं म्हणाले असते. माझं कोण ऐकणार होतं?" तो खोकत थांबला. "तुझं ऐकलं असतं. म्हणून मी थांबलो होतो. जिन्यावरही थांबलो होतो थोडा वेळ. मला वाटलं, येशील."

मी रडलो. त्यानं मला रडू दिलं, पण जवळ आला नाही.

गावी परतल्यावर पुढच्याच पंचायतीत मी उठून सगळं सांगितलं. कापलं मी, सांगितलं पल्जोरनं, मुतुपची चूक नव्हती. पल्जोरनं माझ्याकडे बघितलं. "तेव्हा बोलायचं होतंस," एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मग गोबानं घसा साफ केला. "झालं ते झालं. म्हातारी काही परत येणार नाही." आणि पाटाच्या पाळ्यांचा विषय निघाला. मुतुपला निरोप पाठवावा असं मी दोनदा म्हणालो. बघू, म्हणाले.

मीच सांगायला जायचं ठरवलं, पण हिवाळा मध्ये आला आणि रस्ता बंद झाला. चैत्रात पोहोचलो तेव्हा गल्लीत आवाज नव्हता. कुन्झेस एकटी दाराशी लोकर कातत होती. छातीतलं दुखणं वाढून मुतुप लोसारच्या आधीच गेला होता. लेहच्या चार गऱ्यांनी त्याला जाळला.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिनं चाती थांबवली नाही.

"गावात सांगितलंस म्हणे," ती म्हणाली. "एक ट्रकवाला बोलला होता. जायच्या आधी त्याला कळलं होतं ते."

"काय म्हणाला मुतुप?"

"काही नाही. ट्रंकेला कडी लावत होता, ती लावून झाली." तिनं सूत गुंडाळलं. "मग? गाव काय म्हणालं?"

"काही नाही म्हणाले, आचे-ले."

आचे-ले म्हणजे ताई. ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. तिला कदाचित राग आला असेल, कदाचित नसेल, मला कळलं नाही. मग तिनं मान खाली घातली आणि लोकरीचा पुढचा पेळू हातात घेतला.